कानावर पडलेली अरबी आणि पदरात पडलेली अरबी



निमंत्रणपत्रिका छापून आल्यावर एक-दोघांनी फोन करून विचारलं, पोशीरमध्ये अरबीवर व्याख्यान कशाला? बोलायचंच तर धरणावर बोला. त्यांचं चुकलं नाही. पोशीर नदीवर होऊ घातलेल्या धरणापुढे इथल्या माणसाला दुसरा विषय सुचत नाही, आणि ते साहजिक आहे. पण ते बोलायला माझ्याहून जाणती माणसं आहेत. माझ्या विषयाचंही या जिल्ह्याशी जुनं नातं आहे. नेरळच्या अलीकडचं दामत घ्या, भडवळ घ्या, किंवा दक्षिणेला तळा, म्हसळा, श्रीवर्धन घ्या. घराघरांत आखातात राहून आलेला माणूस सापडतो. कोणी कुवेतला गाडी चालवली, कोणी दम्माममध्ये एसी दुरुस्त केले, कोणी दोह्याच्या हॉटेलात भटारखाना सांभाळला. वीस-वीस, पंचवीस-पंचवीस वर्षं ही माणसं अरबी बोलणाऱ्यांच्या मुलखात राहिली. परकी भाषा शिकायची तर ती बोलणाऱ्यांत जाऊन राहावं, असं आपण नेहमी ऐकतो. मग या हिशेबानं रायगड जिल्हा अरबी जाणणाऱ्यांनी भरलेला असायला हवा.

तसा तो नाही. का नाही, एवढंच मला आज बोलायचं आहे.

आधी थोडं मागे जाऊ. आपल्या जिल्ह्यातलं चौल अरब प्रवाशांना सैमूर या नावानं ठाऊक होतं. अल्-मसूदी हा बगदादचा लेखक इ. स. ९१६च्या सुमारास तिथं येऊन गेला. त्यानं लिहून ठेवलंय की तिथं दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात. सिराफचे, ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे, आणि तिथंच जन्मलेलेही. या इथं जन्मलेल्यांना ‘बयासिरा’ म्हणत. त्यांचा म्होरक्या ‘हुनरमान’, आणि त्याची नेमणूक इथल्या राजाकडून. सैमूर, सोपारा आणि ठाणे इथल्या लोकांच्या बोलीला मसूदी ‘लारिया’ म्हणतो. म्हणजे हजार-अकराशे वर्षांपूर्वी आपल्या किनाऱ्यावर बापाची अरबी आणि आईची इथली बोली अशा दोन्ही भाषा ऐकत वाढलेली पोरं खेळत होती, असं मानायला हरकत नाही. त्यांना कोणी व्याकरण शिकवलं नसणार.

नंतरची शतकं मी झरझर ओलांडतो. मुंबई वाढली आणि आखाताचं मोती मुंबईला येऊ लागलं. उन्हाळ्यात समुद्रात बुड्या मारून काढलेलं मोती कुवेत-बहरैनचे व्यापारी मुंबईच्या बाजारात आणत, महिनोन् महिने इथंच राहत, काहींनी तर इथं घरं केली. अरबी घोड्यांचाही मोठा व्यापार मुंबईत होता. आखाताच्या बऱ्याच भागात आपला रुपया चालत होता. १९५९मध्ये रिझर्व्ह बँकेनं त्यांच्यासाठी वेगळ्या नोटा छापल्या, आणि १९६६पर्यंत काही संस्थानांत त्या चालल्या. त्या काळात भाषा शिकण्याची गरज कोणाला होती? त्यांना. मुंबईत राहिलेले जुने कुवेती, बहरैनी व्यापारी हिंदुस्थानी बोलत. आजही कुवेतच्या बोलीत सरळ जा म्हणायला ‘सीदा’ म्हणतात, तो आपलाच ‘सीधा’ आहे.

जपानी संवर्धित मोत्यांनी आणि १९३०च्या मंदीनं तो धंदा बुडाला. तेल निघालं. १९७३मध्ये तेलाचे भाव भडकले आणि रस्ता उलटा वाहू लागला. आता जायची गरज आपल्याला होती. मुंबईचा अरब व्यापारी हिंदुस्थानी शिकला तेव्हा तो गिऱ्हाईक होता, पाहुणा होता, त्याच्याशी बाजार अदबीनं बोलत होता. आपला माणूस तिकडे गेला तो नोकर म्हणून. दोघेही परक्या भाषेच्या मुलखात राहिले, पण दोघांशी तिथली माणसं सारखी बोलली नाहीत.

कुवेतमध्ये दिवाणिया असते. घराला लागून किंवा घरातच पुरुषांच्या बैठकीची खोली. रात्री मित्र, भाऊबंद, शेजारी जमतात, राजकारण निघतं, लग्नं ठरतात, थट्टा चालते. भाषा शिकायला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. त्या खोलीच्या दाराशी चहाची किटली घेऊन उभा असलेला माणूस पुष्कळदा आपल्याकडचा असतो. रोज रात्री तीन-चार तास अस्सल कुवेती अरबी त्याच्या कानावर पडते. त्याच्याशी मात्र बोलणं होतं ते एवढंच: चहा आण, साखर नको, ते ने. तेही मोडून, तोडून, हळूहळू, बहिऱ्याशी बोलावं तसं. वर्षं जातात. तो परत येतो तेव्हा त्याच्याकडे तीच मोडलेली अरबी असते, कारण त्याला तेवढीच दिलेली होती.

या मोडलेल्या अरबीला भाषाशास्त्रात आता नाव आहे: आखाती पिजिन अरबी. जे. आर. स्मार्ट या अभ्यासकानं १९९०मध्ये तिच्यावर पहिला ठळक लेख लिहिला. तिचे नियम अगदी थोडके. क्रियापदाचं एकच रूप, मी, तू, तो, ती, आम्ही सगळ्यांना तेच. ‘फी’ हा शब्द ‘आहे’ म्हणून कुठेही लावायचा, ‘माफी’ म्हणजे नाही. ‘अना माफी मालूम’, मला माहीत नाही. आखातातून आलेल्या कोणालाही विचारा, हे वाक्य तो झोपेतही म्हणेल. मालकाला ‘अरबाब’ म्हणायचं. बेन्यामिन यांच्या ‘आडुजीविदम्’ या मल्याळम कादंबरीनं हा शब्द केरळात घराघरांत पोचवला. आपल्या म्हसळ्याला तो कादंबरीच्या कितीतरी आधी पोचला होता.

ही भाषा वाईट आहे असं मी म्हणत नाही. बंगाली, मल्याळी, फिलिपिनो, कोकणी आणि अरब यांचं काम तिच्यावर चालतं. काम चालवणारी भाषा म्हणून तिला मान आहेच. माझी तक्रार वेगळी आहे. आपण समजतो की आपली माणसं अडाणी, त्यांना अवघड अरबी जमली नाही, म्हणून त्यांनी ती मोडली. हे खरं नाही, आणि एक उदाहरण देऊन दाखवतो.

अरबीत समोरचा पुरुष आहे की बाई, यावर क्रियापद बदलतं. ‘तू गेलास’ आणि ‘तू गेलीस’ हे तिथं वेगळं. इंग्रज किंवा अमेरिकन विद्यार्थ्याची इथं दमछाक होते, कारण त्याच्या भाषेत असलं काही नाही. मराठी माणसाला यात काय अवघड? आपली तीन वर्षांची पोरही ‘तू आलास’ आणि ‘तू आलीस’ यांत गल्लत करत नाही. म्हणजे ही गोष्ट अमेरिकनाला जड आणि आपल्याला सोपी असायला हवी. तरीही कुवेतहून परतलेला आपला माणूस मालकिणीला ‘इन्ता’ म्हणतो, जे पुरुषासाठी आहे, बाईसाठी ‘इन्ती’. का? त्याच्याशी बोलताना अरबांनीच क्रियापदाची रूपं टाकून दिलेली असतात. त्याला बाई-पुरुषाचा भेद ऐकूच येऊ दिला नाही. अडलं ते देणाऱ्याच्या हातात.

परक्याशी बोलताना माणसं आपलीच भाषा मुद्दाम मोडतात, प्रत्यय गाळतात, क्रियापदं खातात. या बोलण्यावर चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं १९७१मध्ये लिहिलं. गंमत अशी की अरबी शिकणाऱ्याची दुसरी मोठी अडचण सांगितली तीही यांनीच, १९५९मध्ये. अरबीची दोन रूपं शेजारी शेजारी नांदतात: पुस्तकाची, वर्तमानपत्राची, भाषणाची ‘फुसहा’ आणि घरची, बाजारची ‘आम्मिया’. फुसहा कोणाचीही मातृभाषा नाही; ती सगळ्यांना शाळेत शिकावी लागते. आम्मिया प्रत्येक देशाची निराळी.

याचा परिणाम आपल्याकडे कसा दिसतो? कोकणातल्या एकाच मुसलमान घरात दोन भाऊ बघा. थोरला मदरशात आठ-आठ वर्षं अरबी शिकला. ‘सर्फ’ म्हणजे शब्दांची रूपसिद्धी, ‘नहव’ म्हणजे वाक्यरचना, दोन्ही त्यानं घोकली. जुने ग्रंथ तो वाचतो, त्यांचा अर्थ लावतो. पण कैरोत उतरून त्याला एक कप चहा मागायचा म्हटलं तर घाम फुटेल, आणि मागितलाच तरी तिथला चहावाला त्याच्याकडे वर्तमानपत्र मोठ्यानं वाचणाऱ्याकडे बघावं तसं बघेल. धाकटा कुवेतला ड्रायव्हर होता. तो चहा मागेल, दर विचारेल, रस्ता सांगेल. पण अरबी वर्तमानपत्राचं एक वाक्य त्याला कळायचं नाही. दोघांची बेरीज केली तरी एक अरब तयार होत नाही. दोन्ही अर्धवट राहिल्या त्या वेगवेगळ्या कारणांनी.

मदरशाचा प्रश्न अवघड, पण तो भारतातच सोडवायचा एक मोठा प्रयत्न झाला आहे. लखनौची नदवतुल् उलमा ही संस्था १८९४मध्ये स्थापन झाली. तिच्या मंडळींना वाटत होतं की अरबी नुसती वाचता येऊन भागत नाही, ती बोलता आणि लिहिता आली पाहिजे. १९३०मध्ये त्यांनी तकीउद्दीन अल्-हिलाली या मोरोक्कोच्या विद्वानाला शिकवायला आणलं. हिलालींशी बोलायचं तर अरबीतच. दोन-तीन वर्षांत तिथल्या पोरांचं अरबी बदललं. त्यांच्याच वर्तुळातल्या मसूद आलम नदवींनी १९३२मध्ये लखनौहून ‘अज़्-ज़िया’ हे अरबी मासिक काढलं, आणि अबुल हसन अली नदवी पुढे अरब जगात वाचले जाणारे अरबी लेखक झाले. एक अरब गुरू, त्याच्याभोवती तरुण मुलं, आणि दिवसभर अरबी. कुवेतच्या दिवाणियात चाळीस अरब असून जे झालं नाही ते लखनौत एका अरबानं केलं. हिलाली आपल्या विद्यार्थ्यांशी पूर्ण भाषेत बोलत, ती मोडत नसत. आणि विद्यार्थ्यांकडून त्यांना उत्तराची अपेक्षा होती.

आता थोडं बाहेरचं पाहू. हा प्रश्न फक्त आखाताचा नाही. जॉन शूमन या अभ्यासकानं १९७८मध्ये एका माणसावर पुस्तक लिहिलं. त्या माणसाला त्यानं आल्बेर्तो असं टोपणनाव दिलं. कोस्टा रिकाहून अमेरिकेत आलेला कामगार. शूमननं त्याचं इंग्रजी दहा महिने तपासलं. ते जवळजवळ तिथल्या तिथं राहिलं. त्याला नकाराची वाक्यं मुद्दाम शिकवूनही पाहिली. समोर बसवून विचारलं की जमायची, बोलण्याच्या ओघात पुन्हा जुनीच. शूमननं याचं कारण सामाजिक अंतरात शोधलं: आल्बेर्तो इंग्रजी बोलणाऱ्या अमेरिकेच्या शेजारी राहत होता, तिच्यात राहत नव्हता.

हे मला पटतं, पण पुरतं पटत नाही, कारण लगेच पाच वर्षांनी रिचर्ड श्मिट यांनी दुसरा माणूस पुढे आणला. त्याचं टोपणनाव वेस. जपानी चित्रकार, होनोलुलूत स्थायिक झालेला. माणूस मनमिळाऊ, मित्रांचा गोतावळा मोठा, चित्रांची प्रदर्शनं, पार्ट्या. कसलं सामाजिक अंतर? तीन वर्षांत तो बोलण्यात तरबेज झाला, विनोद करायचा, समोरच्याला गुंतवून ठेवायचा. व्याकरण मात्र जवळपास होतं तिथंच. लोकांनी त्याला भाषा दिली, पण त्याला ती घ्यायची गरज वाटली नाही. त्याचं भागत होतं. आपल्याही आखातवाल्यांत असे वेस आहेत. दिलदार माणसं, अरबांना आवडणारी, आणि पंचवीस वर्षांनी ‘माफी मालूम’वर सुखी.

म्हणजे देणारा हवा आणि घेणाराही हवा. दोन्ही एका जागी आले तर काय होतं, त्याची गोष्ट अरबीचीच आहे, आणि ती एका सुनेची आहे.

१९९४मध्ये जॉर्जेट इऊप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका इंग्रज बाईचा अभ्यास छापला. तिचं टोपणनाव ज्यूली. एका इजिप्शियन माणसाशी लग्न करून ती एकविसाव्या वर्षी कैरोला सासरी आली. अरबी तिनं कधी वर्गात शिकली नव्हती, पुढेही शिकली नाही. अरबी लिहिता-वाचताही तिला आलं नाही. येऊन नऊ दिवस झाले आणि नवऱ्याला अचानक सैन्यात बोलावणं आलं. पंचेचाळीस दिवस ती सासरच्या माणसांत एकटी राहिली, आणि त्यांच्यापैकी कोणाला इंग्रजी येत नव्हतं.

आपल्याकडच्या बायकांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. घाटावरची पोर पनवेलच्या आगरी घरात दिली की पहिला महिना ती काय करते? गप्प बसते, ऐकते, सासू म्हणेल ते उचलते, चुकलं की नणंद हसते, आणि ती दुसऱ्या दिवशी चुकत नाही. ज्यूलीनंही हेच केलं, आणि वर एक केलं: पहिल्या दिवसांपासून वही ठेवली. ऐकलेला शब्द, त्याचं रूप, बाईसाठी काय, पुरुषासाठी काय, अनेकवचन कसं. लोकांनी चूक दुरुस्त केली की तिला राग येत नसे, ती टिपून घेई. अडीच वर्षांत तिला सासरच्यांत मिसळून गेल्यासारखं बोलता येऊ लागलं. पुढे संशोधकांनी तिच्या बोलण्याचं ध्वनिमुद्रण अरबी शिकवणाऱ्या परीक्षकांना ऐकवलं, ही इजिप्शियन की परकी, ओळखा म्हणून. निम्म्याहून अधिक परीक्षक तिला इजिप्शियन समजले.

मोठ्या वयात परकी भाषा अशी येतच नाही, असं मानणाऱ्यांना ज्यूली फार अडचणीची ठरली. तिला भाषेची उपजत देणगी असेल, असं संशोधकांनीही म्हटलंय, असेलही. पण मला तिच्या कानाइतकीच तिची वही महत्त्वाची वाटते, आणि वहीहून तिचं त्या घरातलं स्थान. ती नोकर नव्हती आणि पाहुणीही नव्हती. पाहुण्याशी लोक त्याच्या भाषेत बोलतात, नोकराशी मोडून बोलतात. सुनेशी पूर्ण भाषेत बोलतात, कारण तिच्याशी भांडायचं असतं, तिला समजावायचं असतं, तिच्याकडून पोरांना वळण लावून घ्यायचं असतं.

आखातातही मला याचाच पुरावा दिसला. नोकरीच्या काळात माझं ऑफिस मस्कतच्या रुवी भागात होतं, आणि रुवीत अरबीवाचून जन्म काढता येतो. किराणा मल्याळी, न्हावी उत्तर प्रदेशचा, डॉक्टर हैदराबादचा. दुबई तर विचारूच नका. तिथं राहून अरबी येत नाही म्हणून कोणी रडायला लागला तर मी त्याची समजूत घालतो. ज्या गावात स्थानिक माणूस दहात एखादाच, तिथं त्याची भाषा शोधायला जावं लागतं. ओमानात मात्र एक सोय आहे: टॅक्सी चालवायची ती ओमानी माणसानंच, असा नियम आहे. त्यामुळे गाडीत बसलं की शेजारी एक ओमानी असतो, त्याला वेळ असतो, आणि तो माझा मालकही नसतो, नोकरही नसतो. मला मिळालेली बरीचशी बोलती अरबी टॅक्सीतली आहे. निम्मे टॅक्सीवाले घरी स्वाहिली बोलायचे, कारण त्यांची घरं झांझिबारहून परतलेली. पण तो वेगळाच विषय आहे, त्यात शिरलो तर रात्र होईल.

आपल्या भागातल्या ज्या माणसांची अरबी मला खरोखर चांगली वाटली, ती कोण होती? बहुतेक घरगाडीचे ड्रायव्हर आणि मुलं सांभाळणाऱ्या बायका. कंपनीच्या छावणीत राहणारा फोरमन पगारानं मोठा, पण तो संध्याकाळी आपल्याच माणसांत परत जातो. घरगाडीचा ड्रायव्हर रोज सकाळी मालकाची चार पोरं शाळेत नेतो. पोरं भाषा मोडत नाहीत. त्यांना मोडता येत नाही. चुकलास की चुकलास म्हणून ओरडतात, चारदा हसतात. आणि घरात एखादी आजी असेल, जिला दवाखान्यात न्यायचं असतं, तर ती वाटभर आपल्या सुनांच्या कागाळ्या सांगते, पूर्ण वाक्यांत, भूतकाळासकट. अरबी शिकायला कागाळीसारखा दुसरा वर्ग नाही. या नोकऱ्यांत छळही फार होतो, दार बंद करून माणसं राबवली जातात, हे विसरून मी बोलत नाही. भाषा चांगली मिळते म्हणून नोकरी चांगली होत नाही.

आता ज्यांच्या नावानं आपण जमलो आहोत त्या गुरुजींकडे येतो. गुरुजी घाटावरून आले आणि वाडीवरच्या शाळेत रुजू झाले. कातकरी पोरं त्यांचं मराठी ऐकून गप्प बसायची. त्या वेळच्या शिरस्त्याप्रमाणे पोरं मंद, असा शेरा मारून मोकळं होता आलं असतं. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या महाराष्ट्रातल्या तीन जमाती सरकारदरबारी विशेष असुरक्षित म्हणून नोंदलेल्या आहेत. त्यांच्या पोरांबद्दलचे असले शेरे आजही शाळांत ऐकू येतात. दिवाळीनंतर घर उचलून वीटभट्टीवर जाणारं कुटुंब, पावसाळ्याला परत येणारं पोर, आणि वर्गात सगळं परक्या बोलीत. नीट पाहिलंत तर हे पोर तेच अनुभवत असतं जे दिवाणियातला चहावाला अनुभवतो. भाषा चारी बाजूंनी कानावर पडते. त्याच्याशी मात्र कोणी बोलत नाही. गप्प बस, पाटी काढ, उद्या बापाला घेऊन ये. गुरुजींनी आधी पोरांकडून त्यांची बोली उचलली. झाडाचं नाव विचार, माशाचं विचार, चुकलं की पोरांना हसू दे.

मोठा माणूस धाकट्याची भाषा शिकायला बसला की धाकटा ती हातचं राखून देत नाही, असं दिसतं. सेतुमाधवराव पगडी निजामाच्या राज्यात अधिकारी होते. आदिलाबादच्या गोंडांत वावरताना ते गोंडी शिकले, आणि पुढे गोंडी आणि कोलामी या दोन्ही भाषांची व्याकरणं लिहिली. शिवकालाचे आणि फारसी साधनांचे अभ्यासक म्हणून आपण त्यांना मानतो. मला त्यांच्यातला गोंडी शिकणारा विद्यार्थी जास्त भावतो. रिचर्ड बर्टन हा कंपनी सरकारच्या फौजेतला अधिकारी १८४२मध्ये मुंबईत उतरला. हिंदुस्थानी, गुजराती, मराठी अशा परीक्षा देत गेला, अरबी शिकला आणि १८५३मध्ये वेष पालटून मक्केला जाऊन आला. बर्टनबद्दल फार प्रेम वाटावं असा तो माणूस नाही. पण तो जिथं बसला तिथं लोकांनी त्याच्याशी पूर्ण भाषेत बोलायचं कबूल केलं, कारण त्याच्या अंगावर साहेबाचा रुबाब होता, खिशात मुन्शीचा पगार होता. आपल्या म्हसळ्याच्या ड्रायव्हरला अरबाकडून हे मागता येत नाही. तेव्हा बर्टनची बुद्धी आणि ड्रायव्हरची बुद्धी यांची तुलना करताना जरा सबुरीनं घ्यावं.

आणि आता जरा आपल्याकडे बघू. नेरळ, कर्जत, खोपोलीत इमारती उठताहेत. त्यांवर काम करणारा माणूस बिहारचा, झारखंडचा, बंगालचा. तो मराठीच्या मुलखात येऊन राहिला आहे. आपण त्याच्याशी मराठीत बोलतो? तो तोंड उघडायच्या आत आपण हिंदीत शिरतो, आणि तेही कसल्या हिंदीत! ‘तुम उधर जाके बैठो, मेरेकू टाइम नहीं.’ मग चार वर्षांनी आपणच म्हणतो, बघा, इतकी वर्षं इथं राहून याला मराठी येत नाही. कुवेती आपल्या चहावाल्याबद्दल नेमकं हेच म्हणतो. पुण्यात येमेनचे, इराकचे, सुदानचे, ओमानचे विद्यार्थी वर्षानुवर्षं शिकून गेले. त्यांतल्या कितीजणांना मराठी येते, ते त्यांना विचारा. आणि मग आपण त्यांच्याशी कुठल्या भाषेत बोललो, ते स्वतःला विचारा.

पण पुण्यातल्या याच विद्यार्थ्यांचा आपल्याला उपयोग आहे, आणि आता मी सरळ कामाच्या गोष्टीवर येतो, कारण खाली बसलेल्या दोन-तीन पोरांनी सुरुवातीलाच विचारलं होतं, अरबी शिकायची तर कुठं जायचं.

लिपी आणि व्याकरणाचा पाया इथंच घाला. मुंबई विद्यापीठात अरबी आहे, पुण्यात आहे. घराजवळ मौलाना असतील तर त्यांच्याकडून सर्फ-नहव शिका, त्याला कमी लेखू नका. अमेरिकन परराष्ट्र खात्याची शाळा इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी अरबीला ८८ आठवडे आणि २,२०० तास धरते. तुम्हाला उर्दू येत असेल, मराठी तर येतेच, तर त्यातला काही भाग तुम्ही जन्मतःच करून बसला आहात. पुण्यातला एखादा येमेनी किंवा इराकी मुलगा गाठा. त्याला मराठी किंवा इंग्रजी शिकायची असेल तर अदलाबदल करा: तासभर त्याची भाषा, तासभर तुमची. हा सौदा बरोबरीचा असतो, आणि बरोबरीच्या सौद्यात कोणी भाषा मोडून देत नाही. अमेरिकेत मिडलबरी नावाच्या कॉलेजात उन्हाळी वर्गाच्या आधी विद्यार्थी शपथ घेतात, आठवडेच्या आठवडे शिकत्या भाषेखेरीज दुसरी बोलणार नाही म्हणून. तसली शपथ तुम्ही पुण्याच्या वसतिगृहाच्या खोलीतही घेऊ शकता, फी न भरता.

पाया झाला आणि बाहेर जायची संधी आली तर दुबईचं नाव काढणाऱ्या एजंटाला एवढंच विचारा की काम कोणाबरोबर आहे. मोठं शहर, मोठी कंपनी, मोठी छावणी म्हटली की पैसा कदाचित बरा, अरबी नाही. ओमानातलं निझवा, सूर असलं मध्यम गाव असेल, दुकान किंवा दवाखाना असेल, स्थानिक माणसं गिऱ्हाईक म्हणून येत असतील, तर भाषेच्या दृष्टीनं ते सोनं. वही आणि पेन्सिल सोबत असू द्या. कोणी तुमच्याशी मोडून बोललं तरी उत्तर मोडून देऊ नका. शिकलेलं पूर्ण वाक्य म्हणा, चुकलं तर चुकू द्या. समोरचा दोन-तीनदा चमकेल आणि मग बहुधा तोही पूर्ण वाक्यात येईल. मुलींना वेगळं सांगतो: तुमच्याशी ‘इन्ता’ बोलणाऱ्याला ‘इन्ती’ म्हणायला लावा.

आणि घरकामाची किंवा घरगाडीची जागा असेल, तर करार, पासपोर्ट कोणाच्या ताब्यात राहणार, सुटीचा दिवस कोणता, हे सगळं कागदावर नक्की झाल्यावर आणखी एक चौकशी करा. त्या घरात लहान मुलं किती आहेत, आणि आजी आहे का.